उंबरठ्यावरचा राखणदार

घराला कुलूप घेताना माणूस चार दुकाने फिरतो. कुलूप किती लिव्हरचे आहे, किल्ल्या किती मिळतात, तिची नक्कल सहज करता येईल का, अशा शंका दुकानदाराला विचारून मगच तो पैसे मोजतो. बँकेतील लॉकरला दोन किल्ल्या का लागतात, हे घरातील वडीलधाऱ्या बाईलाही ठाऊक असते. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या घरांना आणखी एक दार लाभले आहे, आणि त्याच्या कुलपाविषयी मात्र कोणी चौकशी केल्याचे आढळत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बहुधा टीव्हीच्या मागे, लुकलुकणाऱ्या दिव्यांची जी पेटी असते, ते हे दार. तिला राऊटर म्हणतात. घरातील प्रत्येक फोन आणि लॅपटॉप याच दारातून जगाकडे जातो. वीजबिल, विम्याचा हप्ता, मुलाची शिकवणी, परदेशातील लेकीचा चेहरा, दुकानाचा हिशेब आणि बँकेचा व्यवहार हे सारे तिच्यातून वाहत असते.

या पेटीत एक लहानसा संगणकच असतो. त्याच्या स्मृतीत कायम वसलेली जी आज्ञावली त्याला चालवते, तिला फर्मवेअर म्हणतात. पेटी हे शरीर मानले, तर फर्मवेअर ही तिची बुद्धी. शरीर आठ-दहा वर्षे धडधाकट राहू शकते. बुद्धीला मात्र काळाबरोबर शिकत राहावे लागते, कारण चोरही शिकत असतात. आज्ञावलीत सापडलेली भगदाडे बुजवणारी सुधारित आवृत्ती निर्मात्याने वेळोवेळी द्यावी, अशी अपेक्षा असते. स्वस्त पेट्यांच्या बाबतीत हा ओघ पुष्कळदा दोन-चार वर्षांत आटतो. पेटी चालूच राहते, दिवे लुकलुकत राहतात आणि घरच्यांना काही कळत नाही.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘मिराई’ नावाच्या दुष्ट आज्ञावलीने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली होती. तिची किल्ली अगदी साधी होती: कारखान्यातून आलेले सांकेतिक शब्द लोकांनी बदललेलेच नव्हते. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीचा शोध लागला. किमान ५४ देशांतील सुमारे पाच लाख राऊटर आणि तत्सम यंत्रे तिने ग्रासली होती, आणि अमेरिकेच्या तपासयंत्रणेला सर्वसामान्य नागरिकांना राऊटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन करावे लागले होते.

असाच एक प्रसंग सांगलीतील एका अडत्याच्या घरी उद्भवला. मार्केट यार्डात हळदीची पेढी, घरात तीन पिढ्या एकत्र. वडील, म्हणजे आप्पा, पेढीवरून निवृत्त झालेले असले तरी संध्याकाळी रोजकीर्दीवर त्यांची नजर फिरल्याशिवाय दिवस संपत नसे. पेढीची आणि घराची सर्व बँक-देणी सूनबाई घरातूनच लॅपटॉपवर भागवीत. एका दुपारी बँकेचे संकेतस्थळ उघडताच पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला, की हे स्थळ खरे असल्याची खात्री पटत नाही. दुसऱ्या एखाद्याने ‘पुढे जा’ हे बटण दाबले असते. सूनबाईंनी लॅपटॉप मिटला, मोबाईलवरील नेट वापरून तेच स्थळ उघडले, तर ते विनातक्रार उघडले. फोन पुन्हा घरच्या वायफायला जोडताच तोच इशारा आला. बँक तीच, फोन तोच. फरक पडत होता तो फक्त घरच्या दाराने.

त्यांची मुलगी सांगलीतच संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. संध्याकाळी तिने राऊटरची अंतर्गत नोंद तपासली, तेव्हा खरा प्रकार कळला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतील पत्ता सांगणारी जी व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. परगावी गेल्यावर आपण चौकातल्या माणसाला पत्ता विचारतो, तसे हे. कोणीतरी राऊटरमध्ये शिरून चौकातला तो माणूसच बदलून टाकला होता. त्यामुळे ‘बँक कुठे?’ असे विचारल्यावर घरची सारी यंत्रे भलत्याच दाराकडे धाडली जात होती. लॅपटॉपने बँकेचे प्रमाणपत्र ताडून पाहिले म्हणून इशारा मिळाला आणि सूनबाईंनी तो वाचला म्हणून पैसे वाचले.

राऊटरच्या निर्मात्याने त्या मॉडेलसाठी शेवटची सुधारणा चार वर्षांपूर्वी दिली होती. त्यानंतर ‘सेवा समाप्त’ एवढीच ओळ. पेटीत दुसरा कसलाही दोष नव्हता.

रात्री जेवणानंतर या विषयावर घरात चर्चा झाली. मुलाचे म्हणणे सरळ होते. “आप्पा, अडीच-तीन हजारांची वस्तू. उद्या नवी आणतो, ही भंगारात देऊ. एवढा विचार कशाला?”

“आणू की,” आप्पा म्हणाले, “पण नव्या पेटीला तिचा निर्माता किती वर्षं सांभाळणार, ते दुकानदाराला आधी विचारून ये.”

मुलाने दुसऱ्या दिवशी दोन दुकानांत विचारले. हमी किती वर्षांची, हे दोघांनी तत्काळ सांगितले. सुधारणा किती वर्षे मिळतील, हा प्रश्न मात्र दोघांनाही नवा होता. वस्तू मोडली तर बदलून मिळेल, पण वस्तूचे ज्ञान शिळे झाले तर काय, याचे उत्तर खोक्यावर कोठेही छापलेले नव्हते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा अमलात आला आहे, की घरगुती वापराच्या अशा यंत्रांच्या निर्मात्याने सुरक्षा-सुधारणा किमान किती काळ देणार ते ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, आणि सहज ओळखता येणारा सरसकट सांकेतिक शब्द घालून वस्तू विकता कामा नये. आपल्याकडील ग्राहकाने निदान तोंडाने तरी हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

“आजोबा, राऊटर बिघडलेला नाही,” नात म्हणाली. “त्याचा धनी त्याला सोडून गेलाय. त्याला दुसरा धनी मिळू शकतो.”

हा दुसरा धनी म्हणजे मुक्तस्रोत फर्मवेअर. ते कसे जन्माला आले, याची कथा मोठी उद्बोधक आहे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ नावाचा निळा-काळा राऊटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. त्याच सुमारास काही जाणकारांच्या लक्षात आले, की या पेटीतील आज्ञावली लिनक्स या मुक्त प्रणालीवर उभी आहे. लिनक्स ज्या परवान्याखाली वाटले जाते, त्याला जीपीएल म्हणतात. त्याची अट थोडक्यात अशी: ही आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा, परंतु ज्याला ती द्याल, त्याला तिचा मूळ मसुदाही मिळाला पाहिजे. कंपनीने वस्तू विकली होती, मसुदा दिला नव्हता. तगादा लागल्यावर २००३ मध्येच तिने तो खुला केला.

त्या मसुद्याच्या आधाराने जानेवारी २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावातील शेवटची अक्षरे त्या निळ्या पेटीच्या नावावरूनच आली. पुढे कंपनीने त्याच राऊटरच्या नव्या आवृत्तीत स्मृती कमी केली आणि लिनक्सही काढून टाकले. पण जुन्या, बदलता येणाऱ्या पेटीलाच मागणी राहिल्याने २००५ मध्ये ‘डब्ल्यूआरटी ५४ जीएल’ नावाने ती वेगळी विकावी लागली. परवान्याचे पालन पुरेसे होत नाही, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तो समेटाने मिटला. आज ज्या पेटीवर आपण स्वतःची आज्ञावली बसवू शकतो, तिच्यामागे एका साध्या अटीचा एवढा मोठा वारसा उभा आहे.

मोठ्या कुटुंबात व्हावी तशी या प्रकल्पात भाऊबंदकीही झाली. कामकाजाच्या पद्धतीवरून मतभेद होऊन २०१६ मध्ये काही प्रमुख मंडळींनी ‘लेडे’ नावाने वेगळी चूल मांडली. सुदैवाने दोन्ही घरांना आपापले हित कळले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती पुन्हा एकत्र आली. नाव जुने राहिले, शिस्त नव्यांची आली. या दुराव्याच्या काळातही काम थांबले नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या संरक्षणातील ‘क्रॅक’ नावाचा दोष जगजाहीर झाला, तेव्हा लेडेच्या मंडळींनी तो बुजवणारी आवृत्ती त्याच महिन्यात दिली. अनेक घरांतील जुन्या पेट्यांना ती सुधारणा त्यांच्या निर्मात्यांकडून कधीच मिळाली नाही.

आप्पांनी हे सर्व शांतपणे ऐकले. व्यापाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न त्यांनी विचारला. “फुकट देणाऱ्याचा यात फायदा काय?”

नातीचे उत्तर असे होते, की यातील पुष्कळ जण हौशी अभियंते आहेत, काही जण ज्या कंपन्यांना हे सॉफ्टवेअर लागते त्यांचे पगारी नोकर आहेत, आणि प्रत्येकाला इतरांच्या श्रमाचा लाभ आपोआप होतो. प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्यांचा हिशेब सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते. आप्पांना यातील शेवटचे वाक्य अधिक पटले. कोणाकडे हिशेब आहे हे कळले, की व्यवहाराचे अर्धे भय जाते.

मग निवडीचा प्रश्न आला. मुक्तस्रोत म्हणजे एकच वस्तू नव्हे. या बाजारातही तीन-चार पेढ्या आहेत. नातीने आप्पांच्याच सवयीप्रमाणे कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि जमा-नावे मांडली. पहिले नाव ‘डीडी-डब्ल्यूआरटी’चे. २००५ पासून चालत आलेले हे फर्मवेअर शेकडो मॉडेलांवर चालते आणि त्याचे सर्व पर्याय एकाच पडद्यावर तयार मिळतात. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपवरही ते चांगले चालते. मात्र त्याच्या आवृत्त्या एकामागून एक येत राहतात आणि कोणती आपल्या पेटीसाठी खात्रीची, हे ठरवणे नवख्याला जड जाते. दुसरे ‘फ्रेशटोमॅटो’. याचा पडदा सर्वांत सुबोध, घरात कोणी किती डेटा वापरला याचे आलेखही सुरेख. पण ते ब्रॉडकॉम चिपच्या ठरावीक पेट्यांपुरतेच मर्यादित. तिसरे ‘ओपनडब्ल्यूआरटी’. त्यात लागेल तेवढेच बसवता येते. ठरावीक काळाने पक्की आवृत्ती निघते आणि तिच्यात नंतर सापडलेले दोष दुरुस्त होत राहतात. मात्र ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचे मर्म खुले नसल्याने तेथे त्याचे फारसे चालत नाही, आणि नवख्याला पर्यायांची गर्दी गोंधळात टाकते.

निवड अखेर फर्मवेअरच्या गुणांवर नव्हे, पेटीच्या खालच्या लेबलावर ठरली. तेथे मॉडेलच्या नावापुढे ‘आवृत्ती २’ असे बारीक अक्षरांत छापलेले होते. हा तपशील अतिशय महत्त्वाचा आहे. एकाच नावाच्या दोन पेट्यांच्या आत निरनिराळ्या चिपा असू शकतात. पहिल्या आवृत्तीचे फर्मवेअर दुसरीवर चढवणे म्हणजे एकाच्या नावाचे औषध दुसऱ्याला पाजणे. ओपनडब्ल्यूआरटीच्या यंत्रसूचीत ती नेमकी आवृत्ती सापडली. चिप मीडियाटेकची, कायम स्मृती १६ एमबी आणि कामाची स्मृती १२८ एमबी. अलीकडच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ आणि ६४ एमबी लागतात, त्यामुळे पेटी काठावर नव्हती. ४ आणि ३२ एमबीच्या जुन्या पेट्यांना मात्र आता या मार्गाने जाता येत नाही. त्यांना निरोप देणेच योग्य.

“आणि हे करताना पेटी बंद पडली तर?” मुलाने विचारले. त्याची शंका रास्त होती. हळदीचा हंगाम चालू होता आणि शेतकऱ्यांची देणी रोजच्या रोज जायची होती.

पेटी बंद पडू शकते. जाणकार मंडळी विनोदाने म्हणतात, की अशा वेळी राऊटरची वीट होते. हमी संपुष्टात येऊ शकते, हेही खरे. येथे ती केव्हाच संपली होती. म्हणून काही पथ्ये ठरली. काम रविवारी, बाजार बंद असताना करायचे. तोवर बँकेचे व्यवहार केवळ मोबाईलच्या नेटवर. वीज जाण्याची भीती म्हणून पेटी इन्व्हर्टरच्या प्लगला. लॅपटॉप वायफायने नव्हे, तर तारेने जोडायचा. पेटी अडखळली तर परत उभी करण्याची रीत आधी वाचून, कागदावर उतरवून ठेवायची. आणि सर्वांत शेवटची, पण व्यापाऱ्याच्या घरी सर्वांना चटकन पटलेली गोष्ट: उतरवून घेतलेली फाईल अस्सल आहे की नाही, ते ताडून पाहायचे. प्रत्येक फाईलसोबत अक्षरे आणि आकड्यांची ६४ चिन्हांची एक खूण प्रसिद्ध केलेली असते. आपल्या फाईलवरून तीच खूण निघाली, तरच फाईल वाटेत बदललेली नाही असे समजावे. धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहावी, तसेच हे.

रविवारी सकाळी नातीने मूळ कंपनीच्या पडद्यावरूनच नवी फाईल चढवली. प्रथम बसवण्याची फाईल वेगळी आणि पुढे सुधारणा करण्याची वेगळी, हा भेद तिने आईला दाखवून दिला. चार-पाच मिनिटे दिवे विचित्र लयीत लुकलुकले. मुलगा दारातच येरझारा घालत होता. मग पेटी शांत झाली आणि १९२.१६८.१.१ या पत्त्यावर नवा पडदा उघडला.

नव्या फर्मवेअरमध्ये आरंभी वायफाय बंदच असते आणि सांकेतिक शब्दही नसतो. मालकाने स्वतः शब्द ठरवून, मगच दार उघडावे, अशी त्यामागची भूमिका. नातीने लॅपटॉप आईपुढे सरकवला आणि म्हणाली, “आई, शब्द तू ठरव. मला सांगूसुद्धा नकोस.”

सूनबाई क्षणभर थांबल्या. घरातील पैशाची देवाणघेवाण त्या वर्षानुवर्षे करत होत्या, पण यंत्राच्या आतील कारभार आपला नव्हे, असेच त्यांनी आजवर मानले होते. त्यांनी शब्द लिहिला, पुन्हा एकदा लिहून खात्री केली. मग देश म्हणून भारत निवडला. हेही केवळ उपचार म्हणून नव्हे. वायफायच्या लहरी कोणत्या पट्ट्यात आणि किती जोराने पाठवाव्यात, याचे प्रत्येक देशाचे नियम असतात आणि मुक्तस्रोत फर्मवेअर वापरणाऱ्यालाही ते लागू आहेतच. पाहुण्यांसाठी त्यांनी वेगळे वायफाय ठेवले, म्हणजे पेढीचा लॅपटॉप आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन एका दाराने आत आले तरी एका खोलीत बसणार नाहीत. बाहेरून पेटी चालवण्याचा मार्ग बंदच राहू दिला.

येथे नातीने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती नमूद करण्यासारखी आहे. “नुसत्या नव्या फर्मवेअरनं आपण वाचलो, असं समजू नका. जुन्या पेटीचा सांकेतिक शब्द कारखान्यातलाच होता. चोर भगदाडातून आला की उघड्या दारातून, हे आता सांगता येणार नाही. शब्द तसाच ठेवला, तर याही पेटीत तो येईल.”

एक लाभ मात्र अनपेक्षित होता. संध्याकाळी एखाद्याने मोठी फाईल पाठवायला घेतली, की दुसऱ्या खोलीतील व्हिडिओ-कॉल अडखळत असे. नेटचा वेग कमी पडतो, म्हणून महाग योजना घ्यावी, असा विचार घरात चालला होता. खरे कारण वेगळे होते. पेन्शनच्या दिवशी बँकेच्या काउंटरवर एखाद्या गृहस्थाने शंभर धनादेशांचा गठ्ठा ठेवावा आणि मागे एका सहीसाठी आलेल्या आजींना तासभर तिष्ठत राहावे लागावे, तसे राऊटरच्या आत होत असते. आलेले सारे पुडके एकाच लांबलचक रांगेत साठवण्याच्या या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ ही युक्ती रांगेची लांबी मोजत नाही, रांगेतील प्रतीक्षा मोजते. प्रतीक्षा काही सहस्रांश सेकंदांपलीकडे रेंगाळत राहिली, की पाठवणाऱ्याला हात आखडण्याची सूचना देते. तिच्यात प्रत्येकाला वेगळी रांग देण्याची जोड मिळाली आणि ती ओपनडब्ल्यूआरटीत आली. या सांगलीकर घरातील योजना ४० एमबीपीएसची होती. तेवढा भार जुन्या पेटीच्या प्रोसेसरला झेपला आणि कॉल अडखळणे थांबले. महाग योजना घ्यावी लागली नाही. वेग याच्या अनेक पटींनी असता, तर मात्र या पेटीला हे काम झेपले नसते, हेही सांगितले पाहिजे.

हा मार्ग प्रत्येक घरासाठी नाही. अनेक घरांत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेच दिलेली फायबरची पेटी असते. ती कंपनीच्या ताब्यातील असते आणि तिचे फर्मवेअर बदलणे बहुधा शक्यही नसते, उचितही नसते. अशा घरी आपला राऊटर तिच्यामागे जोडता येतो. ज्या घरात वर्षातून तीन-चार वेळा सुधारणा तपासणारे कोणी नाही, तेथे आपोआप सुधारणा घेणारी आणि तिची मुदत सांगणारी नवी पेटी हाच शहाणपणाचा पर्याय. मुक्तस्रोत फर्मवेअरला पैसे पडत नाहीत, पण लक्ष द्यावे लागते; आणि न दिलेल्या लक्षाची किंमत पैशांहून अधिक असते.

सुज्ञ वाचकांनी फर्मवेअर न बदलताही काही गोष्टी आजच कराव्यात. राऊटरच्या कारभाराचा सांकेतिक शब्द बदलावा आणि तो वायफायच्या शब्दाहून वेगळा ठेवावा. बाहेरून पेटी चालवण्याची सोय आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. संरक्षण किमान डब्ल्यूपीए-२ ठेवावे. निर्मात्याची शेवटची सुधारणा कोणत्या वर्षाची आहे, ते पाहावे. आणि पडद्यावर लाल इशारा आला, तर पुढे जाऊ नये. थांबून दुसऱ्या वाटेने खात्री करावी.

पुढे नातीला बंगळुरूला नोकरी लागली. जाण्यापूर्वी ‘राऊटर आता कोण बघणार?’ हा प्रश्न मुलाने विचारला, तेव्हा उत्तर घरातच होते. आप्पांच्या रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर एक नवे कोष्टक आखले गेले: तारीख, आवृत्ती, बदल आणि सही. पहिली सही नातीची आहे. त्याखालच्या सर्व सह्या सूनबाईंच्या. पहिल्या वेळी त्यांनी मुलीला फोन लावून एकेक पायरी विचारली, दुसऱ्या वेळी केवळ सुधारणा झाल्याचे कळवले, आणि तिसऱ्या वेळी कळवण्याचेही त्यांच्या लक्षात राहिले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीने वीस वर्षांच्या वाटचालीनंतर स्वतः आखलेला पहिला राऊटर बाजारात आणला. ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ असे त्याचे नाव. त्याच्या आत मूळ फर्मवेअर बिघडले तरी पेटी पुन्हा उभी राहावी म्हणून एक वेगळी, सहसा न बदलणारी स्मृती राखून ठेवलेली आहे. म्हणजे मालकाने प्रयोग करावा, चुकावे आणि पुन्हा उठावे, हे निर्मात्यानेच गृहीत धरले आहे. वस्तू विकत घेतल्याने ती आपली होते, असा आपला समज असतो. परंतु जी वस्तू उघडून पाहता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि जिचा निर्माता केव्हाही हात काढून घेऊ शकतो, ती पैसे मोजूनही भाड्यानेच घेतल्यासारखी असते. उंबरठ्यावर राखणदार ठेवावा, पण तो कोणाचे ऐकतो हे घरातील एका तरी माणसाला ठाऊक असावे. तो माणूस तरुण असलाच पाहिजे असे नाही, अभियंता असलाच पाहिजे असेही नाही. इशारा वाचून थांबण्याची सवय मात्र त्याला असली पाहिजे.